सगळ्यांचा प्रश्न एकच

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी, जेवणानंतर

डायरी मुलाने दिली. औषधकंपनीची, चार वर्षांपूर्वीची. छापलेले वार चुकतात, ते खोडून मी माझे घालते. त्यात काही अवघड नाही.

आजपासून रोज लिहायचं, कारण आजपासून मी पुन्हा कामाला लागले. वय चौऱ्याहत्तर.

नातीची एक वेबसाइट आहे. फोरम म्हणतात. लोक कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितात, अडतात, तिथे येऊन विचारतात. ज्यांना येतं ते सांगतात. फुकट. कॉलेजात असताना तिने हे सुरू केलं, सात वर्षं झाली. सगळं आपल्या भाषेत चालतं, म्हणून झुंबड. आणि झुंबड एकच प्रश्न विचारते. काल एकाने विचारलं तेच आज दुसरा विचारणार. वर शोधायची एवढी मोठी खिडकी आहे, ती कुणाच्या बापाला दिसत नाही.

तिथे एक दाढीवाला आहे. फोटोत दाढी दिसते, माणूस मागे कुठेतरी असावा. तंत्रशाळेत मास्तर होता, आता रिटायर. रोज दुपारी चारला बसतो आणि निम्मी उत्तरं एकटा देतो. त्याने नातीला कळवलंय की एकच गोष्ट दिवसातून बारा वेळा सांगून मी थकलो, फेब्रुवारीअखेर हे कमी झालं नाही तर मी निघालो. नात म्हणाली, आजी, तो गेला की फोरम संपला, मग मी कुलूपच लावते. रडकुंडीला आली होती. त्यात ऑफिसने तिला उद्यापासून जवळजवळ महिनाभर परगावी ट्रेनिंगला घातलंय.

म्हटलं, मी बघते.

मुलगा हसला. लिफ्ट दुरुस्त करतो तो. म्हणाला, आई, तुझी चौथी झालीये. म्हटलं, डॉक्टरांच्या दाराशी एकतीस वर्षं बसले, कोण खरा आजारी आणि कोण उगाच आलाय ते चालीवरून ओळखायचे, तेव्हा कुणी चौथी-पाचवी विचारली नाही. मी बसायला लागले तेव्हा दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. शेवटी शेवटी एक पेशंट दिसायचा नाही, इतकं चोख काम. मग डॉक्टरांनी दवाखानाच बंद केला. वय झालं होतं त्यांचं.

नातीने तिचा जुना टॅब दिला, फोरमवर माझं नाव आजी असंच घातलं. बोललं की तो आपोआप लिहितो. एक पिवळं बटण दाखवलं. ते दाबायचं, आधीचा तसाच प्रश्न जोडून द्यायचा, की नवा प्रश्न बंद. विचारणाऱ्याला सरळ जुन्या उत्तराकडे पाठवलं जातं. म्हणाली, अगदी सारखे असले तरच दाब. शंका आली तर सोडून दे.

मला शंका येत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नात सकाळी गेली.

आज त्रेचाळीस प्रश्न आले. सगळे वाचले. प्रत्येकात वर दोन ओळी आपल्या, खाली एक ओळ आपली, आणि मध्ये इंग्रजी. कंस, टिंबं, आडव्या रेघा, जशी मुंग्यांची रांग. त्याला कोड म्हणतात. तो मी सोडून देते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं मला एकतीस वर्षांत एक अक्षर वाचता आलं नाही, त्यावाचून काही अडलं का?

मुंग्या झटकल्या की उरतं काय? माझा कोड चालत नाही, मदत करा. दुसरा काय म्हणतो? कोड चालत नाहीये, प्लीज मदत. तिसरा नुसताच सर हेल्प.

माणसं त्रेचाळीस, प्रश्न एक. सात वर्षं एवढी शिकलेली माणसं तिथे बसली आहेत, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सगळ्या प्रश्नांची आई सापडली. सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न. माझा कोड चालत नाही. मदत करा. शेजारी हिरवी खूण, म्हणजे उत्तर मिळालेलं. नातीनेच सांगितलं होतं हिरव्या खुणेचं.

आता जो येईल त्याला आईकडे धाडायचं. आज अडतीस धाडले. पाच जणांनी सुरुवातीला नमस्कार लिहिला होता, त्यांना राहू दिलं. संस्कार दिसले की मी बघते.

बोट दुखतंय. उद्या डाव्या हाताने दाबेन.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लोकांना गुण घ्यायचाच नसतो. घाईत_आहे नावाचा एक जण (हे असं नाव लावायला लाज वाटत नाही) लिहितो की तुम्ही पाठवलं तिथे काहीच नाही. त्याला लिहिलं, खाली सरकवून बघितलंस का? की हाताला मेंदी लावून बसलायस? तो म्हणाला, बघितलं. म्हटलं, परत बघ.

मी बघितलेलं नाही. पण हिरवी खूण आहे. खूण उगाच देतात का?

संकल्प: गोड बोलायचं. उद्यापासून.

शनिवार, ८ फेब्रुवारी

संकल्प साडेनऊला मोडला. माझा दोष नाही. एकाने लिहिलं, आजीबाई, तुम्हाला यातलं कळतं का. त्याला चार शब्द ऐकवले, त्यातला एक टॅबने लिहायला नकार दिला.

सोमवारपासून गोड.

सोमवार, १० फेब्रुवारी. रात्री

आज एकवीसच. निम्म्यावर आणले.

दवाखान्यात माझा एक नियम होता. आला की बाकावर बसवायचं. आत लगेच सोडायचं नाही. ज्याला खरंच काही झालंय तो बसून राहतो, बाकीचे तासाभरात उठून जातात. जाताना शिव्या घालतात, पण चालत जातात ना? म्हणजे पाय धड होते.

तर इथेही बाक हवा. नातीला फोन केला. ती घाईत होती, मागे कुणीतरी इंग्रजीत लेक्चर झोडत होतं. म्हणाली, नव्या प्रश्नाला थोडं थांबवायची सोय आहे, सेटिंगमध्ये जा, तिथे तास टाक, पण एक-दोनच टाक हं आजी. आणि विचारणाऱ्याला आधी काही सूचना दाखवायच्या असल्या तर त्याच्याखाली लिही. सगळं नीट समजावलं पोरीने.

चोवीस टाकले. एक-दोन तासांनी कुणाचं काय होतं? आणि सूचनांच्या जागी सात प्रश्न. आधी शोधलंस का? कुठे शोधलंस? किती वेळ? खरं सांग. घरात मोठं कुणी आहे का, त्यांना विचारलंस का? तोंडावर पाणी मारून आलास का? उत्तर मिळालं तर नीट वाचशील का? सातही भरल्याशिवाय प्रश्न पुढे सरकत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दाढीवाल्याचा निरोप आला. कित्येक वर्षांनी आज दुपार शांत गेली, आपण कोण आहात माहीत नाही पण आभार. दोनदा वाचला. मग मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने ताटातून मान वर केली नाही.

संध्याकाळी नातीचा फोन. दाढीवाल्याने तिलाही कळवलेलं. आजी, तू कमाल केलीस म्हणाली. आवाजात किती दिवसांनी जीव होता. बंद किती केलेस, असं विचारलं. म्हटलं, लागतील तेवढे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शिक्षण सुरू केलं. रोज कोडमधलं एक अक्षर शिकायचं, वर्षभरात मुंग्या संपतील. नातीने फोनवर आज पहिला धडा दिला. वर टिंब, खाली स्वल्पविराम. त्याला सेमीकोलन म्हणतात. ओळीच्या शेवटी तो राहिला की पुष्कळदा कोड चालत नाही.

हे एवढंच होतं तर!

नऊ जणांना उत्तर दिलं. वर टिंब, खाली स्वल्पविराम टाक. एकाचं लगेच चाललं. त्याने लिहिलं, चाललं आजी, दोन दिवस डोकं आपटत होतो. ते इथे मोठ्या अक्षरात उतरवून ठेवते. चाललं आजी.

बाकीच्या आठांचं सोडा. त्यातला एक म्हणतो, मी ज्या भाषेत लिहितो तिच्यात हा सेमीकोलन लागतच नाही. त्याला म्हटलं, मग भाषा बदल.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मधल्या दिवसांत दुसरं अक्षर शिकायचं राहिलं. चष्म्याची काडी सैल झालीये.

आज सहाच प्रश्न. पाच आईकडे धाडले. सहावा सात प्रश्नांतल्या तिसऱ्यावर अडकून पळाला.

चार वाजता दाढीवाला आला. विचारलं, आज काही नाही का? म्हटलं, नाही, आराम करा. म्हणाला, बरं. सव्वाचारला परत. खरंच काही नाही? शिकलेला माणूस, पण तेच दोनदा विचारतो. इतकी वर्षं त्या लोकांत राहून गुण लागला असणार. पाचपर्यंत त्याच्या नावाशेजारचा दिवा चालू होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

फोरमवर लोक मला भिंत म्हणतात. म्हणोत बापडे. दाढीवाल्याखेरीज उत्तरं देणारे आणखी तिघे होते, ते पाच-सहा दिवस फिरकले नाहीत. कामात असतील.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, आमच्याकडे एका बिल्डिंगमधून वर्षभर एक तक्रार आली नाही. साहेब खूश. जाऊन बघतो तर लिफ्ट बंद पडलेली, लोक मुकाट जिन्याने जातायत. म्हटलं, मग पायांना व्यायाम झाला की. त्याने ताट बाजूला सारलं. वाढू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

आजचा एक प्रकार लिहून ठेवते, उगाच कुणी उद्या मला बोलायला नको.

एक प्रश्न आला. चोवीस तास बाकावर बसून आलेला. सातही उत्तरं भरलेली, तोंडावर पाणी मारलं असंही लिहिलेलं. वर एकच ओळ. कोड चालत नाही, तीन आठवडे झाले, मदत करा. खाली मुंग्याच मुंग्या, चार वेळा सरकवलं तरी संपेनात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तीन आठवडे काय करत होता हा माणूस? सहाला दहा कमी असताना पिवळं बटण दाबलं, आईकडे धाडला.

सहा वाजता दाढीवाल्याचा निरोप. तो प्रश्न घेऊन तो चारपासून बसला होता. म्हणे असा प्रश्न दोन वर्षांतून एकदा येतो, मला स्वतःला आधी येत नव्हतं, शोधून काढलं, चार पानं उत्तर लिहिलं, पाठवायला गेलो तर प्रश्न बंद. चार पानं पुसली गेली.

लिहिलं, आधीच विचारलेला होता.

त्याने विचारलं, कुठे?

आईची लिंक पाठवली. थोड्या वेळाने त्याचा दिवा विझला. पटलं असावं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शून्य!

सकाळपासून रात्रीपर्यंत एक प्रश्न नाही. तीन आठवड्यांत त्रेचाळीसवरून शून्य. महिनाअखेरीची मुदत होती, चार दिवस हातात राखून काम फत्ते. नात आली की तिच्या साहेबांना भेटायचं ठरवलंय. त्यांच्या ऑफिसातही लोक काहीबाही विचारतच असतील.

नातीला फोन लावला. ट्रेनिंगची परीक्षा चालू होती तिची, उचलला नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

शून्य. चार वाजता टॅब घेऊन बसले. दाढीवाल्याचा दिवा लागला नाही. साडेचारला चहा केला. पाचला परत बघितलं. टॅबचं काही बिघडलं का म्हणून बंद करून चालू केला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दाढीवाला गेला.

नातीला आणि मला मिळून एकच पत्र लिहिलं. प्रश्न कमी करा म्हणालो होतो, तुम्ही केलेत, तक्रार नाही. इतके कमी झाले की मला काही उरलं नाही. पूर्वी चार वाजायची वाट बघायचो, आता चारला झोपतो. तेवढ्यासाठी इथे नाव कशाला ठेवू? मुलीला आशीर्वाद.

यात माझं काय चुकलं? कमी हवे होते, कमी केले. माणसाला स्वतःला काय हवं ते धड सांगता येत नाही आणि मग दुसऱ्याच्या नावाने गळा काढायचा.

मुदतीच्या दिवशीच गेला मात्र. शब्दाचा पक्का.

शनिवार, १ मार्च

नात आली. बॅग खांद्यावर तशीच, उभ्याउभ्या टॅब मागून घेतला. मग जेवणाच्या टेबलाशी बसली आणि बंद केलेले प्रश्न एकेक उघडून बघायला लागली. एकूण तीनशे अठरा. चाळीस बघून झाल्यावर थांबली. म्हणाली, यातले नऊ खरंच सारखे आहेत. एकतीस वेगवेगळे.

म्हटलं, दिसायला सारखेच होते.

विचारलं, मधला कोड बघितलास? म्हटलं, तो सगळ्यांचा तसलाच असतो. तर म्हणाली, आजी, दुखणं तिथेच असतं गं. पेशंट दारात येऊन बरं वाटत नाही एवढं म्हणाला आणि तू त्याला घरी पाठवलंस.

म्हटलं, निम्मे घरी जाऊन आपोआप बरे होतात.

म्हणाली, आणि उरलेले?

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आमटी उतू चालली होती म्हणून मी उठले.

फोरम दहा तारखेला बंद करणार म्हणते. म्हटलं, उघड की ते सगळे परत. म्हणाली, उघडून कुणाला दाखवू, विचारणारे गेले, सांगणारे गेले. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला काय म्हणायचं ते मला येतं.

सोमवार, ३ मार्च

कारणं नोंदवून ठेवते. टॅब जुना. चष्म्याची काडी सैल. नात इथे नव्हती. कोड महत्त्वाचा असतो हे कुणी सांगितलं नाही. शंका आली तर सोड, असं सांगितलं होतं, पण शंका कशी येते ते नाही सांगितलं.

असो. ठरवलंय. मीच निस्तरणार. तीनशे अठरा प्रश्न, रोज पन्नास उघडले की रविवारपर्यंत संपतात. भरलेला फोरम दिसला की लोक येतील, दाढीवाल्यालाही कळेल, चारला झोप लागायची नाही त्याला. नातीला आधी सांगायचं नाही. दहा तारखेला एकदम दाखवायचं.

संध्याकाळ. पिवळं बटण परत दाबलं तर प्रश्न उघडत नाही, आईकडेच जातो. उलटं बटण कुठे असतं?

मंगळवार, ४ मार्च

उलटं बटण सापडलं नाही. नातीला विचारणार नाही. ती ऑफिसातून येते, जेवते, ताट धुते, आत जाते. एवढ्यात कुठे विचारणार?

मुलाला विचारलं. म्हणाला, फोरमवर विचार की. टोमणा होता. पण डोकं लावलं तर बरोबर होतं.

बुधवार, ५ मार्च. दुपारी

विचारला. बंद केलेले प्रश्न परत उघडत नाहीत. मदत करा.

लगेच सात प्रश्न समोर आले. ते मी विसरलेच होते. शोधलंस का? हो. कुठे? टॅबवर. किती वेळ? दोन दिवस. खरं सांग. दीड. घरात मोठं कुणी आहे का? मीच. तोंडावर पाणी मारून आलास का? उठले, पाणी मारून आले. नीट वाचशील का? वाचेन बाबा.

मग खाली उमटलं, कृपया चोवीस तास थांबा.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी ४

माझा प्रश्न बाकावरून सुटून आत आला. उत्तर नाही. लोक चहाला गेले असतील.

शनिवार, ८ मार्च

उत्तर नाही. खाली जोड दिली, तातडीचं आहे.

रविवार, ९ मार्च

नमस्कारही जोडला. उत्तर नाही.

नात दुपारी स्वयंपाकघरात आली, पाणी प्यायली. टॅब माझ्या मांडीवर होता तो दिसला तिला. काय करतेस म्हणाली. म्हटलं, काही नाही. थोडं थांबली, मग गेली. विचारायची वेळ होती ती. गेली.

सोमवार, १० मार्च. दुपारी ४

संध्याकाळी ऑफिसातून आली की नात कुलूप लावणार. तीनशे अठरापैकी उघडून झाले: एकही नाही.

चार वाजले. दाढीवाल्याचा दिवा नाही. कुणाचाच नाही.

अख्ख्या फोरमवर एक प्रश्न उघडा पडलाय, माझा. शेवटच्या दिवशी ते बरं दिसत नाही. नात बघेल, नाव वाचेल. उघडत नाहीत, मदत करा, म्हणजे तेच ते. पिवळं बटण दाबलं आणि स्वतःला आईकडे धाडलं.

गेलेच आहे तर म्हटलं खाली सरकवून बघावं. सरकवलं. हिरव्या खुणेखाली उत्तर होतं. त्याच माणसाने स्वतःच दिलेलं.

जमलं. धन्यवाद.

कसं जमलं ते लिहिलेलं नाही. शेवटपर्यंत सरकवलं, मग परत वरून सरकवलं.

आजचे प्रश्न: शून्य.